थेट आयव्हीएफ की अजून वर्षभर थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नी 33 वर्षांची, हिंजवडीत नोकरीला. पती 36 वर्षांचे, चाकणच्या कारखान्यात, शिफ्ट ड्युटी. लग्नाला पाच वर्षं झाली, अडीच वर्षं प्रयत्न चालू आहेत, एकदाही दिवस राहिलेले नाहीत. पाळी 28 ते 30 दिवसांनी नियमित. सोनोग्राफी आणि थायरॉइड ठीक, एएमएच (शिल्लक स्त्रीबीजांचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 1.5. पतीची वीर्यतपासणी एकदाच झाली, सप्टेंबरमध्ये. त्यात प्रमाण 1.2 मिली, काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, मिलीला 11 मिलियन आणि हालचाल 38 टक्के आली. जुलैअखेर त्यांना डेंगी झाला होता. एका सेंटरने पहिल्याच भेटीत सांगितलं की एएमएच कमी आहे, वेळ घालवू नका, थेट आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडणं) करा. महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर सवलत मिळेल. सासूबाईंना वाटतं की वर्षभर थांबावं आणि गावच्या वैद्यांचं औषध घ्यावं. आता काय करावं?

सवलतीची तारीख गाठायची म्हणून पैसे भरू नका. आणि वर्षभर थांबूही नका. तुमच्या दोन महत्त्वाच्या तपासण्या अजून राहिल्या आहेत. त्या झाल्याशिवाय आयव्हीएफ हवं की नको, हे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. त्या दोन महिन्यांत उरकतात, आणि 33 व्या वर्षी दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. वर्ष-दोन वर्षं मात्र अशीच गेली तर बिघडतं.

आधी पतीच्या रिपोर्टबद्दल, कारण तुमच्या केसमध्ये सगळं तिथेच अडलं आहे. मूल न होण्याच्या निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकट्याने किंवा बाईच्या कारणासोबत असतं. तरी पुण्यासारख्या शहरातही बाईची सोनोग्राफी, रक्त, इंजेक्शनं असं दीड वर्ष चालतं आणि नवऱ्याची तपासणी "एकदा केली होती, थोडं कमी होतं" एवढ्यावर सुटते. वीर्यतपासणीचा एकच रिपोर्ट हा रिपोर्टच धरू नये, इतका तो महिन्या-महिन्याला बदलतो. त्यात तुमच्याकडे डेंगीचा ताप होऊन गेलेला. शुक्राणू तयार व्हायला साधारण 70 ते 75 दिवस लागतात. जुलैअखेरच्या 103-104 तापात जे तयार होत होते, तेच सप्टेंबरच्या नमुन्यात मोजले गेले. पावसाळ्यानंतर दरवर्षी असे रिपोर्ट घेऊन जोडपी येतात, आणि पुढच्या तीन महिन्यांत त्यातल्या बऱ्याच जणांचा काउंट आपोआप वर येतो. तुमच्या यजमानांचाही येईलच असं मी म्हणत नाही. ताप उतरून तीन महिने झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरमध्ये, पुन्हा तपासल्याशिवाय त्या आकड्यावर काही ठरवू नका, एवढंच सांगते.

नमुना कसा दिला तेही विचारा. प्रमाण 1.2 मिली हे थोडं कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषांत खालची मर्यादा 1.4 मिली धरली आहे. नमुन्याचा काही भाग डबीबाहेर सांडला असेल तर रिपोर्ट फसवा येतो, कारण सर्वांत जास्त शुक्राणू पहिल्या थेंबांत असतात आणि नेमके तेच सांडतात. माणसं हे लाजेने सांगत नाहीत. लॅबच्या छोट्याशा टॉयलेटमध्ये, बाहेर लोक रांगेत बसलेले असताना नमुना द्यायचा म्हणजे अनेकांना जमतच नाही, मग घरून आणतात. घरून आणायला हरकत नाही, पण तासाभराच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे आणि डबी अंगाशी, शर्टाच्या आत धरून आणली पाहिजे. चाकणहून नाशिक फाट्याच्या गर्दीतून कर्वे रोडला येईपर्यंत दीड तास जातो, तेवढ्यात हालचाल मंदावते. म्हणून घराजवळची चांगली लॅब निवडा. आधी दोन ते सात दिवसांचा संयम ठेवा, आणि आधीच्या आणि आताच्या तपासणीत तो सारखाच असू द्या.

आता तुमच्या आकड्यांचं गणित मांडून पाहू. 1.2 मिलीमध्ये 11 मिलियन प्रति मिली, म्हणजे एकूण 13 मिलियनच्या थोडं वर. त्यातले 38 टक्के हालणारे, म्हणजे सुमारे 5 मिलियन, आपल्या भाषेत 50 लाख. पुढचा रस्ता ठरवताना काउंटच्या एकट्या आकड्यापेक्षा हा हालणारा आकडा जास्त कामाचा आहे. तो 10 मिलियनच्या वर असेल तर आययूआयला, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडण्याला, चांगला वाव असतो. 5 ते 10 च्या मध्ये असेल तर करून पाहण्यासारखं असतं. 5 च्या बराच खाली, आणि दोन-तीन वेळा तपासूनही तसाच राहिला, तर आययूआयवर महिने घालवू नयेत. तुम्ही बरोबर उंबरठ्यावर आहात. म्हणूनच पुन्हा तपासायला सांगते आहे.

मधल्या काळात त्यांनी काय करायचं? तंबाखू, गुटखा, सिगारेट पूर्ण बंद, "कमी केलंय" चालणार नाही. भट्टीजवळ किंवा फर्नेसवर काम असेल तर सुपरवायझरशी बोलून काही काळ दुसरीकडे ड्युटी मिळते का पाहा, कारण सततच्या उष्णतेने शुक्राणूंची निर्मिती कमी होते. जिमला जात असतील तर ट्रेनरने दिलेली इंजेक्शनं आणि गोळ्या नेमक्या कसल्या आहेत ते शोधून काढा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर शुक्राणू बनवणं जवळजवळ थांबवतं. पिळदार शरीराच्या तिशीतल्या मुलांचा काउंट शून्य आलेला मी पाहिला आहे. एकदा युरॉलॉजिस्टकडून प्रत्यक्ष तपासून घ्या. अंडकोषाच्या नसा फुगलेल्या असतील, म्हणजे व्हॅरिकोसील असेल, तर ते हाताने तपासून कळतं.

दुसरी राहिलेली तपासणी तुमची. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत, हे साध्या सोनोग्राफीत दिसत नाही. त्यासाठी एचएसजी हा एक्स-रे काढतात, पाळीच्या साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात. दुखतं, ओटीपोटात पाळीसारखी जोरात कळ येते, पण काही मिनिटांचंच असतं, आणि तासभर आधी डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घेतली तर सुसह्य होतं. रिपोर्टमध्ये एखादी नळी सुरुवातीलाच बंद दिसली तर घाबरू नका. कधी कधी दुखण्याने तिथला स्नायू आवळतो आणि मोकळी नळीही बंद दिसते. दोन्ही नळ्या टोकाला बंद आणि पाण्याने फुगलेल्या असतील तर गोष्ट वेगळी. मग आययूआयचा उपयोग नाही, आणि आयव्हीएफच्या आधीही त्या नळ्यांचं काय करायचं ते ठरवावं लागतं, कारण ते पाणी गर्भाच्या पिशवीत उतरून गर्भ रुजू देत नाही. आपल्याकडे नळ्या खराब होण्यामागे जुना टीबी हे एक मोठं कारण आहे. घरात कुणाला टीबी झाला असेल किंवा तुम्हाला लहानपणी "प्रायमरी" म्हणून औषधं दिली असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता एएमएचबद्दल, ज्याने तुमची झोप उडवली आहे. एएमएच हा अंडाशयात किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज आहे. बीजं चांगली आहेत की नाहीत हे तो सांगत नाही. पुढच्या सहा महिन्यांत आपोआप दिवस राहतील की नाही, हेही सांगत नाही. आयव्हीएफच्या इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देईल, डोस किती ठेवावा, यासाठी तो उपयोगी आहे. 33 व्या वर्षी 1.5 हा आकडा सरासरीपेक्षा थोडा कमी आहे, पण संपत आल्याची खूण नाही. तुमची पाळी नियमित आहे, म्हणजे दर महिन्याला बीज फुटत असण्याची शक्यता दाट. बीजाचा दर्जा ठरतो मुख्यतः वयाने, आणि तुमचं वय आज तुमच्या बाजूने आहे. "एएमएच कमी, थेट आयव्हीएफ" हे वाक्य मी दुसरं मत घ्यायला आलेल्या मुलींकडून इतक्यांदा ऐकते की त्यांच्यासाठी मला खरोखर वाईट वाटतं. एका रक्ततपासणीने त्या स्वतःला म्हाताऱ्या समजू लागलेल्या असतात.

थांबू मात्र नका. अडीच वर्षं प्रयत्न करून एकदाही दिवस राहिले नसतील तर आपोआप राहण्याची शक्यता महिन्याला शंभरात दोन-तीनच्या आसपास उरते. शून्य नाही, पण त्यावर वर्ष घालवावं इतकीही नाही. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून तपासणी, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, आणि चाळिशीनंतर लगेच, असं आम्ही सांगतो, ते याचसाठी.

एक प्रश्न मी दोघांना समोर बसवून विचारते, तो तुम्हालाही विचारते: महिन्यातून संबंध किती वेळा येतात, आणि कोणत्या दिवसांत? रात्रपाळी आठवडा, मग दिवसपाळी, तुमचे कॉल अमेरिकेच्या वेळेनुसार. अशा घरांत "प्रयत्न चालू आहेत" म्हणजे कधी कधी महिन्यातून दोनदा, तेही चुकीच्या आठवड्यात. बीज फुटल्यावर ते बारा ते चोवीस तासच टिकतं. शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज फुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस महत्त्वाचे. तुमच्या चक्रात पाळीच्या नवव्या ते सतराव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध आले तर पुरे. नंतर वीर्य बाहेर येणं अगदी स्वाभाविक आहे. पाय वर करून झोपायची गरज नाही. बाजारातल्या बऱ्याच जेलींनी शुक्राणूंची हालचाल मंदावते, त्या टाळा. संबंध येताना फार दुखत असेल, किंवा पूर्ण संबंधच येत नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. त्यावर उपचार आहेत. या एका कारणासाठी आयव्हीएफपर्यंत पोचलेली जोडपी मी पाहिली आहेत, कारण आधी त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणजे पुढचे महिने असे जातील. या पाळीनंतर एचएसजी, नोव्हेंबरमध्ये वीर्यतपासणी. नळ्या मोकळ्या आणि हालणारा आकडा 5 मिलियनच्या चांगला वर असेल तर गोळ्यांनी बीजाला थोडी मदत देऊन, फॉलिकल स्टडी (बीजाची वाढ पाहणारी सोनोग्राफी) करून, तीन आययूआय. दर वेळी यशाची शक्यता साधारण 10 ते 15 टक्के, म्हणजे तीनदा करूनही बहुसंख्य जोडप्यांना दिवस राहत नाहीत, हे आधीच मनाशी धरून ठेवा. तीन झाले की थांबायचं, सहावा-सातवा करत बसायचं नाही. नळ्या बंद असतील किंवा काउंट खरोखरच कमी असेल तर आययूआय वगळून आयव्हीएफ, आणि काउंटसाठी इक्सी, म्हणजे प्रत्येक बीजात एकेक शुक्राणू टोचणं. काहीही झालं तरी चौतिसाव्या वाढदिवसाच्या आसपास तुम्ही निर्णयापाशी आलेल्या असाल. ही मुदत आत्ताच, दोघांनी मिळून लिहून ठेवा. उपचार सुरू झाल्यावर प्रत्येक अपयशानंतर "अजून एकदा" म्हणावंसं वाटतं, आणि त्या क्षणी हिशेब सुचत नाही.

आयव्हीएफची वेळ आलीच तर काय होतं, ते नीट समजून घ्या. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आठ ते बारा दिवस इंजेक्शनं, मध्ये तीन-चार सोनोग्राफी, मग ट्रिगर, म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, आणि त्यानंतर सुमारे 35 तासांनी थोडी भूल देऊन एग पिकअप, म्हणजे बीजं बाहेर काढणं. समजा दहा बीजं निघाली. त्यातली सात-आठ पक्व असतात, पाच-सहा फळतात, आणि पाचव्या दिवसापर्यंत चांगले गर्भ दोन किंवा तीन उरतात. ही गळती नैसर्गिक आहे. तुमचं किंवा डॉक्टरांचं काही चुकलं म्हणून ती होत नाही. पण कुणी आधी सांगितलेलं नसलं की रोज सकाळी लॅबचा फोन येतो आणि आकडा उतरत जातो, तेव्हा माणूस खचतो. पिकअपनंतर पोट फार फुगलं, धाप लागली, लघवी कमी झाली तर रात्र असली तरी फोन करायचा. गर्भ सोडल्यानंतर पंधरा दिवस पलंगावर पडून राहिल्याने फायदा होत नाही, ऑफिसला जा. घरी लवकर किट लावू नका. एचसीजीचं ट्रिगर दिलेलं असेल तर त्याचाच अंश दहा-बारा दिवस खोटी दुसरी रेघ दाखवू शकतो.

सेंटरला एकच आकडा विचारा: माझ्या वयाच्या स्त्रियांत, सुरू केलेल्या शंभर सायकलमागे (उपचाराच्या फेऱ्यांमागे) किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या? फलकावर लिहिलेले "70 टक्के यश" बहुधा रक्ततपासणी पॉझिटिव्ह येण्याचं असतं, आणि पॉझिटिव्ह ते बाळंतपण यात बरंच काही घडतं. चांगल्या लॅबमध्येही पस्तिशीच्या आत एका पिकअपमधून मूल होण्याची शक्यता तीनात एक ते दोनात एक यांच्या मध्ये असते. बेचाळिशीनंतर स्वतःच्या बीजाने ती दहात एकाच्याही खाली जाते. एएमएचपेक्षा या उतरंडीचा विचार जास्त करा.

पुण्यात एका सायकलला साधारण दीड ते अडीच लाख रुपये लागतात. पॅकेजमध्ये इंजेक्शनं, भूल, इक्सी, गर्भ गोठवणं आणि नंतरचं ट्रान्सफर यातलं काय धरलं आहे, ते कागदावर लिहून मागा. बहुतेक आरोग्य विम्यांत वंध्यत्वाचा उपचार वगळलेला असतो, पण काही आयटी कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत ठराविक रकमेपर्यंत मिळतो, एचआरला विचारा. एका सायकलपुरतेच पैसे असतील आणि तेही दागिने मोडून उभे करायचे असतील, तर थोडं थांबून दोन सायकलची तयारी करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पिशवीचं अस्तर खरवडणं, पीआरपी, इंट्रालिपिडची सलाइन, अशा जोडउपचारांची यादी पुढे आली तर प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा: याने माझ्या केसमध्ये मूल होण्याची शक्यता वाढते, असं सिद्ध झालंय का? बहुतेकांचं उत्तर "नाही" असंच आहे.

सेंटर 2021 च्या एआरटी, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या, कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, पाहून घ्या. पातळी एकच्या क्लिनिकला आययूआय करता येतं, आयव्हीएफसाठी पातळी दोन लागते. "एकदमच दोन होऊन जाऊ देत" असं घरोघरी म्हणतात. जुळ्यांची बाळंतपणं वेळेआधी होतात, आठवडेच्या आठवडे बाळं एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहतात, आईचं बीपी वाढतं. पाचव्या दिवसाचा एक चांगला गर्भ सोडा, बाकीचे गोठवा. आणि मुलगा की मुलगी ते निवडून देतो असं कुणी सुचवलं तर त्या दारातून लगेच बाहेर या. तो पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या, कायद्याखाली गुन्हा आहे.

"टेस्ट ट्यूबचं बाळ धडधाकट असतं ना?" असं सासूबाई विचारतील. 1986 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांनी अशा बाळाचा जन्म घडवला. त्या पिढीची मुलं आता चाळिशीकडे आली आहेत. घरात हे असं मोकळेपणाने बोलता आलं तर बरं. वैद्यांच्या औषधाबद्दल एवढंच सांगा की त्यात काय आहे ते लिहून आणू द्या. भस्मं असलेल्या, नाव नसलेल्या पुड्यांत शिसं आणि पारा सापडतो, आणि आपण गर्भासाठी शरीर तयार करतोय. नवस बोलायचा असेल तर बोलू द्या, त्याने उपचाराला अडथळा येत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की नणंदेच्या डोहाळजेवणाला गेलात आणि ओटी भरायच्या वेळी कुणीतरी ताट तुमच्या हातातून हलकेच काढून दुसरीकडे दिलं. अशा कार्यक्रमांना काही महिने गेला नाहीत तर चालेल. यजमानांनी घरात स्वतः सांगावं की माझ्याही तपासण्या चालू आहेत. ते एक वाक्य त्यांच्या तोंडून आलं की तुमच्यावरचं निम्मं ओझं उतरतं. आम्हाला भेटायलाही दोघं मिळून या. काउंटचे सगळे उपाय थकले किंवा बीजं कमी पडली तर दात्याचे शुक्राणू किंवा दात्या स्त्रीचं बीज हा एक मार्ग आहे, दत्तक हा दुसरा. दत्तकासाठी नोंदणी कारा या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर होते, पुण्यात ससूनच्या आवारातल्या सोफोश संस्थेच्या श्रीवत्स या बालसंगोपन केंद्रात जाऊन माहिती घेता येते, आणि यादीत नंबर यायला काही वर्षं लागतात. आज ठरवायची गरज नाही. पण आपल्याला यातलं काय चालेल आणि काय अजिबात नाही, हे दोघांनी एकमेकांना एकदा विचारून ठेवावं.

उद्यापासून फॉलिक ॲसिड 400 मायक्रोग्रॅम रोज सुरू करा. रुबेलाची लस झाली नसेल तर घ्या आणि त्यानंतर एक महिना दिवस राहू देऊ नका. थॅलेसेमियाची तपासणी दोघांनी एकदा करून घ्या. एचएसजीसाठी पाळी आल्या दिवशीच फोन करून नंबर लावा, कारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या मध्ये रविवार आला की तो महिना हातून जातो. जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, डेंगीचा सुद्धा.